रिकामा घोडा

प्रवासवर्णन हा प्रकार मराठीत पुष्कळ लिहिला आणि वाचला गेला आहे. पण जवळजवळ प्रत्येक प्रवासवर्णन प्रवासी घरी परतल्यावर लिहिलेले असते. त्यामुळे निघण्यापूर्वीचे महिने त्यात एखाद्या परिच्छेदात आटोपतात. सामानाची यादी, आरक्षणाची धावपळ, घरच्यांचा थोडा विरोध, आणि पुढच्याच ओळीत गाडी सुटलेली असते. शेवट काय झाला हे ठाऊक असलेल्या माणसाला सुरुवातीची अनिश्चितता पुन्हा अनुभवता येत नाही, हे त्याचे कारण असावे. आम्ही अजून निघालेलो नाही. येत्या ऑगस्टमध्ये निघायचे आहे. तेव्हा ही अनिश्चितता हाताशी आहे तोवरच तिच्याविषयी चार शब्द लिहावेत, असे वाटले.

आम्ही चौघे आहोत. चौघांनीही पन्नाशी ओलांडली आहे आणि गेली पंचवीस-तीस वर्षे सह्याद्रीत एकत्र हिंडत आहोत. पण सह्याद्रीतली भटकंती ही एका अर्थी माणसांच्या सोबतीने केलेली भटकंती असते. कितीही आडवाटेला गेले तरी रात्री खाली कुठेतरी दिवे दिसतात, गडावर पाण्याचे टाके असते, आणि वाडीवर पोचल्यावर एखादी मावशी भाकरी थापून देते. चुकले तर अर्ध्या दिवसात डांबरी रस्ता गाठता येतो. या सवयीवर हिमालयाचा बेत आखता येत नाही, हे समजण्यातच आमचे पहिले दोन महिने गेले.

मूळ विचार दारचा ते पदुम या झांस्करच्या जुन्या वाटेचा होता. शिंकू ला ओलांडून जाणारी ही वाट आमच्या पिढीने ऐकत-वाचत मनात जपलेली. पण निम्मू-पदुम-दारचा हा रस्ता २०२४ साली सलग जोडला गेला आणि त्याच वर्षी जुलैत शिंकू लाखालच्या बोगद्याचे काम सुरू झाले. ज्या वाटेवर आठवडाभर चालायचे, तिथे आता दिवसभरात मोटार जाते. याबद्दल हळहळ व्यक्त करणे सोपे आहे. पण हिवाळ्यात बाळंतीण अडली तर गोठलेल्या नदीवरून चालत जाण्याखेरीज मार्ग नसलेल्या लोकांना रस्ता मिळाला, म्हणून चार हौशी पुणेकरांनी उसासे टाकावेत हे काही बरे दिसत नाही. दुर्गमता ही आमच्यासाठी चैन आहे. तिथे राहणाऱ्यांसाठी ती अडचण आहे. हे एकदा मान्य केले की नकाशावर दुसरीकडे बोट ठेवणे सोपे जाते.

ते बोट परांग लावर येऊन थांबले. स्पितीतील किब्बर गावापासून निघायचे, परांग ला ही सुमारे ५,५८० मीटर उंचीची खिंड ओलांडायची, पलीकडे परे चू या नदीच्या काठाने लडाखमधील रुपशूच्या पठारात उतरायचे आणि त्सो मोरिरी सरोवराच्या काठावरील कारझोक या गावी पोचायचे. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडे वर. चालीचे दिवस आठ. मधे एकही गाव नाही. चांगपा मेंढपाळांचे तंबू लागले तर लागले, कारण त्यांचा मुक्काम गवताप्रमाणे हलतो. ही वाट गिर्यारोहकांनी शोधलेली नव्हे. स्पितीचे धान्य तिकडे आणि रुपशूचे मीठ व लोकर इकडे, असा व्यवहार या खिंडीतून पिढ्यान्‌पिढ्या चालला. १८४६ साली सीमा आखण्याच्या कामावर या प्रदेशात हिंडलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांत अलेक्झांडर कनिंगहॅम होता. पुढे पुरातत्त्व खात्याचा पाया घालणारा तोच हा. म्हणजे आम्ही कोणत्याही अज्ञातात पाऊल टाकणार नाही. अज्ञान आहे ते आमचे आहे, वाटेचे नव्हे.

नकाशांविषयी थोडे सांगायला हवे. सीमेलगतच्या प्रदेशाचे तपशीलवार भारतीय नकाशे सामान्य माणसाच्या हाती लागणे पूर्वी दुरापास्त होते. गंमत अशी की त्याच प्रदेशाचे अमेरिकी सैन्याने विसाव्या शतकाच्या मध्यास काढलेले अडीच लाखांत एक या प्रमाणाचे नकाशे टेक्सासच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही मोफत पाहता येतात. भटक्यांच्या अख्ख्या एका पिढीने आपल्याच देशातील खिंडी या परक्या नकाशांवरून वाचल्या. आता उपग्रहांच्या चित्रांमुळे प्रश्न निराळाच झाला आहे. माहिती कमी नाही, उलट डोळ्यांचे समाधान करण्याइतकी जास्त आहे. आमच्यातला ज्याच्याकडे हे काम आहे, त्याने पडद्यावर किब्बरपासून कारझोकपर्यंत इतक्या वेळा प्रवास केला आहे की ओढ्यांची वळणे त्याला पाठ झाली आहेत. पण चित्रात ओढा निळसर रेघ म्हणून दिसतो. त्याचा आवाज किती आहे, पाणी गुडघ्यापर्यंत की कमरेपर्यंत, हे चित्र सांगत नाही. समोच्च रेषांना थकवा येत नाही, आणि चढणारा थकतो.

नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली चालीचा एक साधा हिशेब घालून दिला आहे. सपाटीवर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. सह्याद्रीत पाठीवर ओझे असतानाही थोड्याफार फरकाने हा हिशेब जुळतो, असा आमचा अनुभव आहे. परांग लाला तो लावून पाहिला तेव्हा खिंडीचा दिवस दुपारच्या जेवणाआधीच संपत होता. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे निम्मा असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच. कळसूबाई महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. किब्बर, जिथून चालायला सुरुवात करायची, तेच सुमारे ४,२०० मीटरवर आहे. आमच्या आयुष्यभराच्या चढउतारांचे माथे एकावर एक ठेवले तरी त्या गावाच्या उंबरठ्याशी कसेबसे पोचतील.

म्हणून बेताचा सर्वांत मोठा भाग चालीचा नाही, पोचण्याचा आहे. मनालीहून निघाले तर एका दिवसात ४,५५१ मीटरची कुंझुम खिंड ओलांडून काझा गाठता येते. वेळ वाचतो, आणि नेमके तेच धोक्याचे असते. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या झोपण्याच्या जागेची उंची अर्ध्या किलोमीटरहून जास्त वाढू देऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावे, असा वैद्यकाचा सर्वमान्य दंडक आहे. तेव्हा आम्ही सिमल्याहून किन्नौरमार्गे, सतलजच्या आणि मग स्पितीच्या काठाने हळूहळू वर सरकायचे ठरवले आहे. ऑगस्टमध्ये किन्नौरात दरडी कोसळतात, म्हणून दोन दिवस मोकळे ठेवले आहेत. काझाला दोन रात्री आणि किब्बरला दोन रात्री, काहीही न करता. आमच्यातल्या एकाला हे ‘काहीही न करणे’ फार खटकले. इतकी सुटी काढून निम्मे दिवस बसून काढायचे? त्यावर आमच्यातली डॉक्टर एवढेच म्हणाली, “तू बसलेला असशील, तुझं रक्त बसलेलं नसेल.”

दुसरा मोठा प्रश्न परे चू नदीचा. तिचे चरित्र विलक्षण आहे. परांग लाच्या परिसरात उगम पावून ती उत्तरेकडे लडाखात जाते, नोर्बू सुमदोपाशी आमच्या वाटेपासून फुटून तिबेटात शिरते, आणि तिथून वळसा घेऊन पुन्हा हिमाचलात, सुमदोजवळ स्पिती नदीला मिळते. २००४ साली तिबेटातील तिच्या पात्रात दरड कोसळून मोठे सरोवर तयार झाले. ते २००५च्या जूनमध्ये फुटले तेव्हा पुराने सतलजच्या खोऱ्यापर्यंत रस्ते आणि पूल वाहून नेले. आम्हाला ही नदी तिच्या बाल्यावस्थेत ओलांडायची आहे, एकदा नव्हे, अनेकदा. हिमनदीवर पोसलेल्या पाण्याचा दिनक्रम ठरलेला असतो. पहाटे ते आखडलेले असते, ऊन चढेल तसे बर्फ वितळून दुपारी फुगते. म्हणून ओलांडायचे ते सकाळी. पात्र अरुंद असेल तिथे मोह होतो, पण तिथेच पाणी खोल आणि वेगाचे असते. पसरट आणि अनेक धारांत फुटलेल्या जागी ओलांडावे. पाठपिशवीचा कमरपट्टा सोडून ठेवावा, म्हणजे पाय घसरला तर ओझे टाकता येते. एकमेकांचे हात धरून, पाण्याच्या रोखाला तोंड करून सरकावे. या सूचना आम्ही वहीत लिहून घेतल्या आहेत आणि पावसाळ्यात एका गुडघाभर ओढ्यात त्यांची तालीमही करणार आहोत. लोक हसतील. हसू देत.

आता ओझ्याचा हिशेब. आठ दिवसांची चाल आणि दोन दिवस हाताशी, असे दहा दिवसांचे अन्न. माणशी रोज पाऊण किलो कोरडा शिधा धरला तर आम्ही चौघे आणि दोन घोडेवाले मिळून पंचेचाळीस किलो. साडेचार हजार मीटरवर पाणी सुमारे ८५ अंशांनाच उकळते, म्हणून डाळ शिजवायची तर प्रेशर कुकर हवाच. सातूचे पीठ, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गूळ, खारीक हे न शिजवता खाण्याचे पदार्थ निराळे. खिंडीच्या दिवशी चूल पेटवण्याची इच्छा कोणाला राहत नाही, असे सगळेच सांगतात. आमचे खासगी सामान अठ्ठेचाळीस किलो, तंबू पंधरा, भांडी आणि स्टोव्ह पंधरा, रॉकेल बारा, घोडेवाल्यांचे सामान आणि घोड्यांचा खुराक तीस. एकूण एकशे पासष्ट. एका घोड्यावर पन्नास किलो, म्हणजे तीन घोडे आणि वर पंधरा किलो.

या पंधरा किलोंपाशी आमची बैठक दोन रविवार अडली. चौथा घोडा घ्यावा की सामान कमी करावे? हिशेब सांभाळणाऱ्याचे म्हणणे, सामान कमी करावे. घोडे कारझोकला पोचल्यावर घोडेवाल्यांना त्याच वाटेने परत किब्बरला यायचे असते आणि त्या परतीच्या दिवसांचेही पैसे द्यावे लागतात. एक घोडा म्हणजे आठ नव्हे, चौदा दिवसांचा घोडा. डॉक्टरचे म्हणणे निराळेच होते. ती म्हणाली, सामानही कमी करा आणि चौथा घोडाही घ्या. त्याच्यावर काहीही लादायचे नाही.

रिकामा घोडा कशासाठी, हे कोणी विचारले नाही. आमच्यापैकी चौथ्याच्या हृदयात तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेला आहे, आणि तो आता ठणठणीत आहे. त्याच्या हृदयरोगतज्ज्ञाने सर्व तपासण्या करून, काही अटींवर, जायला हरकत नाही असे सांगितले आहे. तरीही त्या क्षणी सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे गेल्या आणि त्या गेल्या हे त्याला दिसले. तो शांतपणे म्हणाला, “माझ्या नावाचा घोडा असेल तर मी येत नाही.”

तीस वर्षांच्या मैत्रीत अशी वाक्ये फार वेळा उच्चारली जात नाहीत. यात अहंकार होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. आजारपणातून उठलेल्या माणसाला सगळे जग हलक्या हाताने वागवू लागते. त्याच्या हातातली पिशवी कोणीतरी काढून घेतो, जिना चढताना कोणीतरी मागे रेंगाळतो. या सौजन्याचे ओझे वाहणे फार अवघड असते. डोंगर ही त्याची उरलेली एकमेव जागा होती, जिथे तो रुग्ण नव्हता. तिथेही त्याच्या शेजारून एक रिकामा घोडा चालणार असेल, तर आठ दिवस रोज सकाळी तो घोडा त्याच्याकडे बोट दाखवणार.

दोन आठवडे कोणी विषय काढला नाही. मग डॉक्टरनेच काढला, आणि भावनेला हात न घालता काढला. तिचा मुद्दा असा होता. ट्रेडमिलवरची चाचणी त्याच्या हृदयाबद्दल काही सांगते. उंचीचा त्रास कोणाला होणार हे ती कोणाबद्दलच सांगत नाही. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी धरण्याचे जे उंचीवरचे आजार आहेत, ते दणकट माणसालाही गाठतात, किंबहुना दणकट माणूस वेगाने चढतो म्हणून त्याला आधी गाठण्याचा संभव असतो. अशा माणसाला ताबडतोब खाली न्यावे लागते, आणि शक्यतो त्याला चालू देऊ नये. आता नकाशा पाहा, ती म्हणाली. खिंडीच्या अलीकडे काही झाले तर किब्बर आणि काझा पाठीशी आहेत, एका-दोन दिवसांत हजार-पंधराशे मीटर उतरता येते. पलीकडे गेल्यावर मात्र उतारच नाही. पठार मंदपणे ढळत जाते आणि थेट कारझोकपर्यंत सगळी वाट साडेचार हजार मीटरच्या वरच राहते. म्हणजे ही खिंड केवळ उंच नाही. ती एकाच बाजूने उघडणारे दार आहे. त्या दारापलीकडे आपल्यापैकी कोणाला घोडा लागेल हे मला डॉक्टर असून सांगता येत नाही. ज्याला सांगता येत असेल, त्याने घोडा नको म्हणावे.

कोणालाच सांगता येत नव्हते. नकाशावाल्याने तेव्हा पहिल्यांदा आपल्या पाठ झालेल्या वाटेकडे या नजरेने पाहिले असावे. तोवर त्याला फक्त पुढे जाण्याची रेघ दिसत होती. हिशेबवाल्याने वही उघडली आणि चौथा घोडा चौघांच्या खात्यावर समान लिहिला. आणि आमचा तो मित्र, बराच वेळ गप्प राहून, म्हणाला, “मग पाच माणसांचा का म्हणत नाही? सहा? घोडेवाले काय उंचीच्या बाहेरचे आहेत?”

या प्रश्नाने बेताला जे वळण दिले, ते आमच्या मते या साऱ्या खटाटोपाचे फलित आहे. तोवर आमच्या याद्यांत घोडेवाले ‘सामान वाहण्याची व्यवस्था’ या सदरात होते. त्या दिवसापासून ते माणसांच्या यादीत आले. त्यांच्यासाठी तंबू आहे का, की ते खोगिराखालच्या घोंगड्यांवर झोपणार? नदी ओलांडताना त्यांच्या पायात काय असेल? आम्ही आमचा विमा उतरवला आहे, त्यांचा कोण उतरवणार? आमच्या हौसेसाठी ते थंडगार पाण्यात उतरणार आणि आम्हाला पोचवून, तीच खिंड आमच्याशिवाय पुन्हा ओलांडून घरी जाणार. त्या परतीच्या दिवसांचा शिधा आमच्या पंचेचाळीस किलोंत धरलेलाच नव्हता. तो आता धरला आहे. आणि तो वाहायला जागा हवी म्हणून आमचे खासगी सामान माणशी बारावरून आठ किलोंवर आले आहे. पुस्तके गेली, दुर्बीण एकच राहिली, खुर्च्या आणि जेवणाचा तंबू गेला. घोडा रिकामाच राहिला.

उरला संपर्काचा प्रश्न. किब्बर सोडल्यानंतर कारझोक येईपर्यंत फोन लागेल असे धरून चालता येत नाही. परदेशांत डोंगरात जाणारे लोक उपग्रहाद्वारे निरोप पाठवणारी लहान यंत्रे सर्रास बाळगतात. आपल्याकडे परवान्याशिवाय अशी यंत्रे वापरता येत नाहीत; केवळ जवळ बाळगल्याबद्दल परदेशी प्रवाशांना विमानतळावर ताब्यात घेतल्याच्या बातम्या २०२४च्या डिसेंबरात गोव्यातूनही आल्या होत्या. सीमेलगतच्या प्रदेशात सुरक्षेची बाजू आहे हे आम्ही जाणतो. परिणाम मात्र असा की आमचा शेवटचा संदेश म्हणजे घरी ठेवलेला एक कागद. त्यावर प्रत्येक रात्रीचा मुक्काम लिहिला आहे. दुमला ओलांडून थलटक, मग बोरोगेन, खिंडीपलीकडे खरसा गोंगमा, दातांग योंगमा, राचोलामो, नोर्बू सुमदो, सरोवराच्या दक्षिण टोकाचे कियांगडोम आणि शेवटी कारझोक. अमुक तारखेपर्यंत निरोप आला नाही तर काही करू नये. त्यानंतर दोन दिवस वाट पाहावी. मग या क्रमाने या ठिकाणी कळवावे. हा कागद लिहिताना घरच्यांशी जे बोलणे झाले, ते इतक्या वर्षांच्या ‘सांभाळून जा’मध्ये कधीच झाले नव्हते.

बेत आखणे म्हणजे अनिश्चितता संपवणे, अशी आमची समजूत होती. ती आता उरलेली नाही. अनिश्चितता जशीच्या तशी आहे. तिची वाटणी तेवढी झाली. कोणत्या गोष्टीचा निर्णय कुठे घ्यायचा, हे ठरले. बोरोगेनच्या मुक्कामी, खिंडीच्या आदल्या संध्याकाळी, सहाही जणांनी एकमेकांना खरे सांगायचे आहे. डोके दुखते का, झोप लागली का, खोकला आहे का. एकाचेही उत्तर वाईट असेल तर सहाही जण परत फिरतील, यावर मतदान होणार नाही. हा नियम चौघांनी इथे, पुण्याच्या सुखरूप हवेत, चहा पिताना मान्य केला आहे. तिथे तो पाळणे जड जाईल हे ठाऊक आहे, म्हणूनच तो इथे लिहून ठेवला. घोडेवाल्यांशी किब्बरला पोचल्यावर बोलायचे आहे, आणि त्यांचे म्हणणे आमच्याहून निराळे असेल तर नियमच बदलावा लागेल.

ऑगस्टमध्ये किन्नौर ओलांडून स्पितीत शिरताना आमची गाडी सुमदोपाशी थांबेल. तिथे परे चू स्पितीला मिळते. जी नदी आठवडाभराने आम्हाला उगमाशी अनवाणी ओलांडायची आहे, ती तिथे तीन प्रदेश हिंडून थोराड झालेली भेटेल. गाडीतून उतरून तिचे पाणी पाहायचे, एवढे एक काम यादीत शेवटी लिहिले आहे. त्याला वजन नाही.